२४ वर्षांचं आयुष्य मिळालं, तेवढ्यात तिने अख्ख्या जगासाठी प्रार्थना रचली : लिली बुलांजेची गोष्ट

तर गोष्ट आहे १९१३ सालची.

फ्रान्समध्ये तेव्हा संगीतकार म्हणून नाव काढायचं, तर एक स्पर्धा जिंकावी लागायची. नाव होतं प्री द रोम. म्हणजे रोमचं पारितोषिक. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमच्या व्हिला मेदिची या राजेशाही वाड्यात राहायला मिळायचं. काम काय? फक्त संगीत लिहायचं. बर्लिओझने ही स्पर्धा जिंकली होती, बिझे आणि देबुसीनेही जिंकली होती. राव्हेलसारख्या माणसाने पाच वेळा प्रयत्न केला, पण पहिलं बक्षीस त्याला एकदाही मिळालं नाही. १९०५ मध्ये तर तो प्राथमिक फेरीतच बाद झाला आणि त्यावरून एवढा गदारोळ उठला की पॅरिसच्या संगीत महाविद्यालयाच्या संचालकांना खुर्ची सोडावी लागली.

बायकांना या स्पर्धेत उतरायची परवानगी मिळाली १९०३ मध्ये. पण परवानगी मिळणं वेगळं आणि बक्षीस मिळणं वेगळं. पुढची दहा वर्षं संगीताचं पहिलं बक्षीस कोणत्याही स्त्रीला मिळालं नाही.

जुलै १९१३ मध्ये ते मिळालं. ३६ पैकी ३१ मतं. जिंकणारी मुलगी होती १९ वर्षांची, आणि ती सतत इतकी आजारी असायची की शाळा-कॉलेजात नियमित जाणंही तिला कधी जमलं नव्हतं.

लिली बुलांजे तिचं नाव.

बुलांजे या फ्रेंच शब्दाचा अर्थ पाववाला. पण या घरात पाव भाजायचं काम कोणी करत नव्हतं, अख्खं घरच संगीतात बुडालेलं होतं. वडील एर्नेस्ट बुलांजे यांनी स्वतः १८३५ मध्ये, साधारण लिलीच्याच वयाचे असताना, हीच स्पर्धा जिंकली होती. पुढे ते पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात गायन शिकवू लागले. आई राइसा रशियाची, त्यांचीच विद्यार्थिनी. दोघांच्या वयात प्रचंड अंतर. थोरली मुलगी नादिया जन्मली तेव्हा वडील ७२ वर्षांचे होते. २१ ऑगस्ट १८९३ ला लिली झाली तेव्हा ते ७८ ला टेकले होते.

लिली दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती वाचली, पण प्रतिकारशक्ती कायमची गेली. पुढे आतड्याचं दुखणं मागे लागलं. तेव्हाचे डॉक्टर त्याला आतड्यांचा क्षय म्हणायचे, आज बऱ्याच जणांना वाटतं की तो क्रोन्सचा आजार असावा. औषध कशावरच नव्हतं. ताप, पोटदुखी, महिनोन्महिने अंथरूण, मग थोडे बरे दिवस, मग पुन्हा अंथरूण. असंच शेवटपर्यंत चाललं.

संगीतकार गाब्रिएल फोरे यांचं या घरी येणं-जाणं होतं. दोनेक वर्षांच्या लिलीला सूर अचूक ओळखता येतात हे त्यांनीच हेरलं. थोडी मोठी झाल्यावर ती ताईचं बोट धरून तिच्या वर्गात जाऊन बसायची. अंगात बळ असेल तेव्हा पियानो, व्हायोलिन, चेलो, हार्प असं सगळं शिकून घ्यायची. सहा वर्षांची असताना वडील गेले. त्या मृत्यूचा ठसा तिच्या संगीतावर किती खोल उमटला, ते पुढे येईलच.

आता नादियाकडे वळू, कारण तिला सोडून ही गोष्ट सांगताच येत नाही.

नादिया लिलीपेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर घर चालवायची जबाबदारी हळूहळू तिच्यावर आली आणि ती लहान वयात शिकवण्या करू लागली. वडिलांसारखं रोमचं बक्षीस मिळवायचं हे तिचं स्वप्न होतं. त्यासाठी तिने चार वेळा स्पर्धा दिली. १९०८ मध्ये तर वादच पेटला. प्राथमिक फेरीत गायकांसाठी फ्यूग लिहायची होती. फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येत, एकमेकींचा पाठलाग करत जाते, असा रचनेचा अवघड प्रकार. नादियाने ती गायकांऐवजी तंतुवाद्यांसाठी लिहिली. परीक्षक मंडळातले बुजुर्ग संगीतकार सां-सान्स भडकले आणि तिला बाद करा म्हणाले. प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं. शेवटी तिला स्पर्धेत ठेवलं, पण हाती आलं ते दुसरं बक्षीस. पुढच्या वर्षी तिने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तेही मिळालं नाही.

घरात धाकटी बहीण हे सगळं बघत होती. सोळाव्या वर्षी तिने ठरवलं, ही स्पर्धा आता मी देणार.

तयारी सुरू झाली. जॉर्ज कोसाद यांच्याकडे ती खाजगी शिकली, मग पॉल व्हिदाल यांच्या वर्गात गेली. १९१२ मध्ये स्पर्धेला बसली, पण मध्येच तब्येत ढासळली आणि माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी पुन्हा बसली.

ही स्पर्धा म्हणजे काय होतं, तेही जरा समजून घ्या. अंतिम फेरीतल्या उमेदवारांना पॅरिसबाहेर कॉम्पिएन्याच्या राजवाड्यात नेऊन कोंडायचे. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. हातात एक काव्य द्यायचे आणि त्यावर तीन गायक आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी कँटाटा, म्हणजे छोट्या ऑपेरासारखी रचना, लिहायला लावायचे. मुदत काही आठवड्यांची. धडधाकट पोरांचाही घाम निघायचा. लिलीने त्या मुदतीत अर्ध्या तासाची रचना पूर्ण केली, 'फाउस्ट ए एलेन'. फाउस्ट, सैतान मेफिस्टो आणि हेलन अशी तीन पात्रं. पुढे खुद्द देबुसीने त्या रचनेबद्दल लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरांत काय छापून आलं असेल, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. नाजूक मुलगी, आजारी मुलगी, गोड मुलगी. अभ्यासकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधलंय. नादिया आत्मविश्वासाने, पुरुषांच्या बरोबरीने भांडायची, म्हणून परीक्षकांना ती खुपली. लिली शांत, फिकट, लहानखुरी, तिची कोणाला भीती वाटली नाही. या म्हणण्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. पण म्हणून तिला दयेपोटी बक्षीस दिलं असं कोणी म्हणत असेल, तर त्याने ती अर्ध्या तासाची रचना ऐकावी. दया म्हणून ३१ मतं पडत नसतात.

बक्षिसानंतर रिकॉर्डी या मोठ्या प्रकाशनाने तिच्याशी करार केला आणि वर्षाला ठराविक रक्कम बांधून दिली. संगीतावर स्वतःचं पोट भरणारी बाई! त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

आता मूळ विषयाकडे येऊ, म्हणजे कॉयरकडे.

आपल्याकडे एकत्र गाणं म्हटलं की आरती, भजन, दिंडी आठवते. तिथे पाचशे माणसं गात असली तरी चाल एकच असते. युरोपातल्या कॉयरचं तसं नाही. तिथे बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे साधारण चार गट पडतात. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. प्रत्येक गट वेगळी सुरावट गातो आणि त्या एकमेकींवर बसून एक इमारत उभी राहते. गोव्यातल्या किंवा वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला गेला असाल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल.

शेकडो वर्षं या कॉयरसाठी लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुषच होते. बाईने लिहायचं तर दिवाणखान्यात गायची गाणी लिहावीत, पियानोचे छोटे तुकडे लिहावेत, अशी समजूत. कॉयर आणि ऑर्केस्ट्रा हे मोठं प्रकरण, ते बाईला पेलणार नाही म्हणायचे. आणि इथे लिलीने नेमकं उलटं केलं. जिला दोन जिने चढल्यावर धाप लागावी, अशी ही मुलगी पन्नास-शंभर गळे, ऑर्गन, तुताऱ्या आणि नगारे एकत्र वाजतील असं संगीत लिहीत बसायची.

१९१२ मधलं तिचं 'सूर्याचं स्तोत्र' घ्या. हे काव्य काझिमीर दलाव्हीन्य या फ्रेंच कवीच्या, भारतात घडणाऱ्या एका नाटकातलं. उगवत्या सूर्याचं स्वागत त्यात आहे आणि चक्क त्याचे सात घोडेही आहेत. रथसप्तमी माहीत असलेल्या माणसाला ऐकताना गंमत वाटते. फ्रेंच कवीने ऐकीव माहितीवर उभा केलेला भारत आणि १९ वर्षांच्या आजारी मुलीने त्याला दिलेला दणदणीत आवाज.

मार्च १९१४ मध्ये ती रोमला पोहोचली. तब्येतीमुळे तसा उशीरच झाला होता. तिथे थोडे बरे महिने मिळाले. फ्रान्सिस जाम या कवीच्या कवितांतून तिने १३ निवडल्या आणि त्यांच्या गाण्यांची माळ लिहायला घेतली. तेराच का? फ्रेंच स्पेलिंगमध्ये तिच्या नावात बरोबर १३ अक्षरं आहेत आणि हा आकडा आपला आहे असं ती मानायची.

पण त्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि रोमचा मुक्काम मोडला.

संगीत महाविद्यालयातली पोरं बंदुका घेऊन खंदकात गेली. लिली आणि नादिया या दोघींनी मग अमेरिकी मित्रांच्या मदतीने एक समिती काढली. आघाडीवरच्या संगीतकारांना पत्रं, खाऊ, कपडे आणि पैसे पाठवायचे, त्यांच्या घरच्यांची विचारपूस करायची. शिवाय पोरांकडून आलेली पत्रं एकत्र करून त्यांचं एक पत्रक छापायचं आणि सगळ्यांना परत पाठवायचं. म्हणजे कोण कुठे आहे, कोण जखमी झालं, कोण गेलं, हे सगळ्यांना कळायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फक्त टपालाने चालणारा. अंथरुणावरून हे काम करताना लिली स्वतःची रचना बाजूला ठेवायची, यावर चाहते अजून हळहळतात.

१९१६ मध्ये ती पुन्हा रोमला गेली. त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगून टाकलं, फार तर दोन वर्षं.

बावीस वर्षांची मुलगी. हातात दोन वर्षं. तिने काय केलं? कॉयरसाठी लिहिलं.

बायबलमधली तीन स्तोत्रं तिने या काळात पूर्ण केली. चोविसावं स्तोत्र जेमतेम चार मिनिटांचं, पण सुरुवातीलाच पितळी वाद्यं आणि पुरुषांचे आवाज अंगावर येतात. एकशे एकोणतिसावं स्तोत्र आहे लहानपणापासून छळ सोसलेल्या माणसांचं. युद्ध चालू असताना फ्रान्समध्ये असे शब्द कोणाच्या मनात काय उभं करत असतील, ते सांगायला नको. या रचनेत राग आहे, तोही दबलेला नाही.

आणि तिसरं, एकशे तिसावं. खोल गर्तेतून देवाला मारलेली हाक. हे काम तिने बरीच वर्षं थांबत-थांबत केलं आणि १९१७ मध्ये संपवलं. अर्पण केलं वडिलांच्या स्मृतीला. पंचवीसेक मिनिटांची ही रचना सुरू होते ती ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात जड, खर्जातल्या आवाजातून. बराच वेळ कोणी गातच नाही. नुसता अंधार हळूहळू वर सरकतो आणि मग कॉयर येतो. तुम्हाला पाश्चात्त्य संगीताचं काहीही कळत नसेल, तरी हेडफोन लावून पहिली पाच मिनिटं ऐका. एवढंच सांगतो की हे मन रिझवायला लिहिलेलं संगीत नाही. तिच्या काळातले अनेक फ्रेंच संगीतकार धुकं, चांदणं, पाणी यांत रमले होते. तिने ती भाषा घेतली, पण तिच्यातला गोडवा काढून टाकला. सूर एकमेकांना घासतात आणि ती ते तसेच घासू देते.

आता येते ती रचना, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

'जुनी बौद्ध प्रार्थना'. १९१४ ते १९१७ या काळातली. एक टेनर गायक, कॉयर आणि ऑर्केस्ट्रा. सुझान कार्पेलेस नावाची पॅरिसमधली एक तरुणी पाली-संस्कृतची अभ्यासक होती. तिने पालीतल्या 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथातल्या मजकुराचा फ्रेंच अनुवाद केला आणि लिलीने त्याला संगीत दिलं. हा ग्रंथ पाचव्या शतकात बुद्धघोष यांनी श्रीलंकेत लिहिला. त्यातला हा भाग मैत्रीभावनेचा. सगळे जीव वैराशिवाय, दुःखाशिवाय, सुखाने आपापल्या वाटेने जावोत. बायका, पुरुष, आर्य, अनार्य, देव, माणसं आणि अधोगतीला गेलेलेसुद्धा. पूर्वेचे, पश्चिमेचे, उत्तरेचे, दक्षिणेचे, सगळे. विपश्यनेसाठी इगतपुरीला जाऊन आलेल्यांना किंवा बुद्धवंदना ऐकत वाढलेल्यांना ही भावना नव्याने सांगायची गरज नाही.

जाता जाता एक गोष्ट. याच 'विशुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी गोव्यात जन्मलेले आपले धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेले होते. म्हणजे एकाच दशकात एक मराठी माणूस बॉस्टनजवळ बसून या ग्रंथाची पानं जुळवत होता आणि पॅरिसची एक मुलगी त्याच ग्रंथातल्या प्रार्थनेसाठी सूर शोधत होती.

ही प्रार्थना कधी लिहिली ते विसरू नका. व्हर्दंच्या लढाईत लाखो पोरं मेली किंवा जखमी झाली, ते हेच दिवस. लिलीच्या ओळखीचे कितीतरी संगीतकार खंदकात होते. देशभक्तीपर संगीताला मागणी होती आणि त्यात काही गैरही नव्हतं. त्या वेळी एक फ्रेंच मुलगी, अगदी शत्रूलाही न वगळता, सगळ्या जिवांचं भलं मागणारी प्रार्थना लिहिते. हीच मुलगी एकशे एकोणतिसाव्या स्तोत्रात संतापलेली आहे. दोन्ही खरंच होतं. राग आला म्हणून तिने मैत्री सोडली नाही, आणि मैत्रीची प्रार्थना लिहिली म्हणून राग लपवला नाही.

आठेक मिनिटांची रचना. सुरुवातीला कॉयर जवळजवळ पुटपुटल्यासारखं गातो, एकाच लयीत, मंत्र म्हटल्यासारखं. मध्ये एक लांबलचक बासरी येते आणि मग टेनर. भारतीय राग वगैरे तिने कुठे चिकटवलेला नाही, आणि ते बरंच झालं. शेवटाकडे आवाज वाढत जातो आणि चारही दिशांचे जीव एकदम हजर झाल्यासारखे वाटतात.

मेटरलिंकच्या नाटकावर तिला एक ऑपेराही करायचा होता, परवानगीही मिळाली होती, पण तो अर्धाच राहिला आणि त्याचा बराचसा भाग आज सापडतही नाही.

१९१७ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. फरक पडला नाही. पॅरिसवर हल्ले होत होते म्हणून तिला सीन नदीकाठच्या मेझी गावी नेलं. या शेवटच्या काळात तिने एक सकाळ आणि एक संध्याकाळ लिहिली. 'वसंतातली सकाळ' आणि 'उदास संध्याकाळ'. दोन्ही रचनांचं मूळ एकाच सुरावटीत आहे. संध्याकाळ जड आहेच, पण सकाळ खळखळून हसते. मरणाच्या दारातली मुलगी म्हणून तिच्याकडे बघणाऱ्यांनी ही सकाळ आधी ऐकावी.

मग हातात पेनही धरवेना. शेवटची रचना 'पिये जेझू', मृताच्या शांतीसाठीची छोटी प्रार्थना, तिने नादियाला तोंडी सांगितली आणि नादियाने स्वर लिहून घेतले.

१५ मार्च १९१८ ला लिली गेली. वय २४. त्यानंतर दहा दिवसांनी देबुसी गेला.

एकशे तिसावं स्तोत्र आणि बौद्ध प्रार्थना, या दोन्ही रचना तिच्या हयातीत एकदाही सादर झाल्या नाहीत. त्या घुमल्या त्या फक्त तिच्या डोक्यात. कविता आपली आपण वाचून बघता येते, चित्र समोर दिसतं. पण शंभर जणांनी गायचं संगीत लिहिणाऱ्याला ते ऐकायला शंभर जण लागतात. युद्धात ते कुठून आणणार?

ते जमवले नादियाने. पुढची साठ वर्षं.

लिली गेल्यानंतर काही वर्षांतच नादियाने स्वतः रचना करणं सोडून दिलं. तिला आपलं संगीत बहिणीपुढे फिकं वाटायचं. ती शिकवू लागली आणि विसाव्या शतकातली बहुधा सगळ्यात मोठी संगीतशिक्षिका झाली. आरन कोपलँड, टँगोवाला पियात्सोला, मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा निर्माता क्विन्सी जोन्स, फिलिप ग्लास हे सगळे तिचे विद्यार्थी. १९३८ मध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन करणारी ती पहिली स्त्री ठरली. आणि जिथे संधी मिळेल तिथे ती लिलीच्या रचना लावायची. तिचाच विद्यार्थी इगोर मार्केविच याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही स्तोत्रं आणि बौद्ध प्रार्थना रेकॉर्ड केली, तेव्हा कुठे पॅरिसबाहेरच्या लोकांना लिली बुलांजे कळली.

याची दुसरी बाजूही आहे. नादियाने लिलीचा देव्हारा केला. दर मार्चमध्ये स्मृतिदिन, आठवणी, अश्रू. त्यामुळे लिली म्हणजे पवित्र, दुःखी, लवकर गेलेली मुलगी हीच प्रतिमा घट्ट बसली आणि संगीत त्या प्रतिमेच्या मागे राहिलं. खुद्द नादियाच्या रचनाही झाकल्या गेल्या, त्या आता कुठे वाजू लागल्यात. पण नादिया नसती तर ही हस्तलिखितं कुठल्या माळ्यावर पडली असती, कोण जाणे.

सुझान कार्पेलेस पुढे कंबोडियात गेली, तिथे बौद्ध अभ्यासाची संस्था उभारण्यात पुढे राहिली आणि शेवटी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात येऊन राहिली. १९६८ मध्ये ती तिथेच वारली.

नादिया ९२ वर्षं जगली. ऑक्टोबर १९७९ मध्ये ती गेली, तेव्हा तिला पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत लिलीच्याच कबरीत ठेवलं.